पुरुषांच्या फुटबॉलमध्ये रेफ्री व्हायचंय: तयारी नेमकी कशाची करायची

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २३, कॉलेजकडून फुटबॉल खेळून झालंय, आता रेफ्री व्हायचंय आणि तेही पुरुषांच्या सामन्यांत. पण जिल्ह्यात सगळे सांगतात की बायकांना मुलींचे सामनेच मिळतात. हे खरं आहे का, आणि यातून वाट कशी काढायची?

नियमात असं कुठंही लिहिलेलं नाही. फुटबॉलच्या सतरा नियमांपैकी पाचवा नियम रेफ्रीचा. त्यात अधिकार, कामं, साहित्य हे सगळं आहे, बाई की पुरुष याचा उल्लेख नाही. अडतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे फिटनेस चाचणीची वेळ, आणि दुसरं म्हणजे नेमणूक करणाऱ्या माणसाच्या मनातली 'कशाला उगाच जोखीम' ही भावना. पहिली अडचण सुटली की दुसरीला सबब उरत नाही. म्हणून उत्तराचा मोठा भाग मी पळण्यावर खर्च करणार आहे. नियम पाठ करणाऱ्या मुली पुष्कळ भेटतात, पुरुषांच्या वेळेत पळणाऱ्या कमी.

फिफाच्या चाचणीचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात ४० मीटरच्या सहा धावा, प्रत्येक दोन धावांमध्ये जास्तीत जास्त ६० सेकंद विश्रांती. आंतरराष्ट्रीय महिला रेफ्रीला प्रत्येक धाव ६.४ सेकंदांत संपवावी लागते, पुरुषाला ६.० सेकंदांत. त्यानंतर सहा ते आठ मिनिटं थांबून दुसरा भाग: ७५ मीटर पळायचं, २५ मीटर चालायचं, असं ४० वेळा, म्हणजे एकूण ४००० मीटर. महिलांसाठी पळायला १७ आणि चालायला २० सेकंद, पुरुषांसाठी १५ आणि १८. आणि कळीची अट ही की ज्या बाईला पुरुषांचे सामने करायचे आहेत तिनं पुरुषांच्या वेळेतच चाचणी पास व्हायची. जिल्हा आणि राज्य पातळीवर वेळा थोड्या सैल असतात, त्या परीक्षेच्या सूचनेत दिलेल्या असतात. पण सराव करताना नजर पहिल्या दिवसापासून ६.० आणि १५-१८ वरच ठेवा. महिलांच्या वेळेत पास होऊन थांबलात, तर नेमणूक करणाऱ्याला नकाराचं आयतं कारण मिळतं.

०.४ सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. प्रत्यक्षात तो वेगातला सहा-सात टक्क्यांचा फरक आहे आणि तो महिन्याभरात भरून निघत नाही. नियमित खेळणाऱ्या मुलीनं यासाठी वर्ष-दीड वर्ष धरावं. बहुतेकींचा वेळ पहिल्या दहा मीटरमध्ये जातो. सुरुवातीची रेषा टायमिंग गेटच्या दीड मीटर मागे असते. त्या दीड मीटरचा फायदा उठवायचा असेल तर शरीर पुढे झुकलेलं हवं आणि पहिली चार-पाच पावलं जमिनीला मागे रेटणारी हवीत. लगेच ताठ उभं राहून पळणं ही नेहमीची चूक. दुसरी चूक म्हणजे ३५ मीटरला वेग सोडणं. खूण ४५ मीटरला लावा आणि तिथपर्यंत पळा. आठवड्यातून एकदा १० ते ३० मीटरच्या आठ-दहा धावा, प्रत्येकीनंतर पूर्ण दम खाऊन. आणि दुसऱ्या एका दिवशी ४० मीटरच्या सहा धावा, ६० सेकंदांच्या विश्रांतीनं. या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घातल्या की दोन्ही वाया जातात. सहापैकी एक धाव हुकली तर सहावीनंतर लगेच एक जादा संधी मिळते. दोन हुकल्या तर नापास. त्यामुळे पहिली धाव ५.६ मध्ये मारून हिरो होण्यात अर्थ नाही. सहाही ५.८ ते ५.९ मध्ये बसल्या पाहिजेत.

दुसऱ्या भागाची तयारी साधारण सोळा आठवड्यांची धरा. पहिले तीन आठवडे १७ सेकंद पळणं आणि २२ सेकंद चालणं, २४ वेळा. सहाव्या आठवड्यापर्यंत १७-२० वर पूर्ण ४०. दहाव्यापर्यंत १६-२०, चौदाव्यापर्यंत १५-२० वर ३२ वेळा, आणि शेवटी १५-१८ वर ४०. पुरुषांच्या वेळेत हा भाग बरोबर २२ मिनिटांत संपतो. पळणं आणि चालणं दोन्ही शिट्टीवर सुरू होतं. त्या शिट्ट्यांचा ऑडिओ मोबाइलवर स्वतः रेकॉर्ड करून घ्या, कुणाला घड्याळ धरून उभं करायची गरज राहत नाही. ४०० मीटरचा ट्रॅक नसेल तर फुटबॉलच्या मैदानाची टचलाइन, म्हणजे लांब बाजूची रेषा, वापरा. शंभर मीटर लांबीच्या मैदानात ७५ पळणं आणि २५ चालणं नेमकं एका बाजूत बसतं, वळण चालण्यात येतं, अशा चाळीस फेऱ्या. फक्त टेपनं मोजून घ्या, आपल्याकडची मैदानं क्वचितच शंभरावर असतात. या भागात बहुतेकजणी दमामुळे पडत नाहीत, शिट्टीमुळे पडतात. शिट्टीआधी निघालं किंवा शिट्टी व्हायच्या आत एक पाय चालण्याच्या पट्ट्यात पडला नाही, तर पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा चाचणी संपली. पहिल्या दहा फेऱ्या १३ सेकंदांत मारून पट्ट्यात वाट बघत उभं राहणाऱ्या मुली तिसाव्या फेरीला गडबडतात. १४.५ ला पोहोचायची सवय करा.

मांडीच्या मागचा स्नायू या चाचणीत सगळ्यात जास्त दगा देतो. नॉर्डिक व्यायाम (गुडघ्यावर बसून, घोटे कुणीतरी धरलेले, शरीर सावकाश पुढे सोडायचं) आठवड्यातून दोनदा, दोन-तीन सेट, प्रत्येकी चार ते सहा वेळा. गुडघ्याच्या एसीएल लिगामेंटची दुखापत मुलींमध्ये मुलांपेक्षा स्पष्टपणे जास्त होते, म्हणून फिफाचा '११ प्लस' हा वॉर्मअप प्रत्येक सरावाआधी करा. वीसेक मिनिटं लागतात, रेफ्रींसाठी त्याची वेगळी आवृत्तीही आहे. आणि सरावाला लागण्याआधी एकदा रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो ॲनिमिया आहे. फेरिटिनही तपासायला सांगा, कारण हिमोग्लोबिन ठीक आणि लोहाचा साठा रिकामा असंही पुष्कळदा असतं. 'स्टॅमिनाच वाढत नाही' म्हणून रडकुंडीला आलेल्या मुलींच्या बाबतीत कारण अनेकदा इथं सापडतं. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच.

रेफ्रीऐवजी सहाय्यक रेफ्री, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत लाइनमन व्हायचं असेल, तर चाचणी वेगळी आहे. दिशा बदलण्याची 'कोडा' चाचणी: १० मीटर सरळ, ८ मीटर एका बाजूला आडवं, ८ मीटर दुसऱ्या बाजूला आडवं, पुन्हा १० मीटर सरळ. पुरुषांना १० सेकंद, महिलांना ११. मग ३० मीटरच्या पाच धावा, पुरुषांना ४.७ आणि महिलांना ५.१ सेकंद. हे दोन वेगळे व्यवसाय आहेत, फिफाच्या यादीतही दोन्ही वेगळे. सुरुवातीला दोन्ही करा, पण वर्ष-दोन वर्षांत एक निवडा. पुरुषांच्या सामन्यात बाईला पहिली नेमणूक बहुधा लाइनवरच मिळते. ती घ्या, पण मधली शिट्टी हवी असेल तर तसं जिल्ह्याच्या रेफ्री समितीला लेखी कळवून ठेवा, नाहीतर चांगल्या लाइनमनला तिथंच ठेवण्याची सवय समित्यांना असते.

आता कागदपत्रं आणि परीक्षा. महाराष्ट्रात राज्य संघटना म्हणजे मुंबईतलं वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, विफा. गोव्यात गोवा फुटबॉल असोसिएशन. सुरुवात जिल्हा संघटनेपासून होते: नाव नोंदवायचं, नियमांचा वर्ग आणि परीक्षा निघाली की बसायचं. लेखी, तोंडी किंवा व्हिडिओवरचे प्रश्न, आणि फिटनेस असे तिचे भाग असतात. पुढे श्रेणी चढत जाते, आकडा कमी होत जातो, राष्ट्रीय पातळीवर श्रेणी १ आणि त्याच्यावर फिफाची यादी. त्या यादीसाठी रेफ्रीचं वय किमान २५ आणि सहाय्यकाचं किमान २३ लागतं. म्हणजे २३ व्या वर्षी सुरुवात करणं मुळीच उशिराचं नाही.

नियमपुस्तक इंटरनेटवर आणि ॲपवर फुकट मिळतं, आणि दरवर्षी १ जुलैपासून बदल लागू होतात. जुनी झेरॉक्स घेऊन बसू नका. लेखी परीक्षेत मार्क जातात ते 'खेळ पुन्हा कसा सुरू करायचा' या अर्ध्या प्रश्नात. एक नमुना: बॉल खेळात असताना बचावपटूनं स्वतःच्या पेनल्टी एरियात रेफ्रीला शिवी दिली. रेड कार्ड सगळ्याजणी लिहितात आणि पुढे पेनल्टी लिहून मोकळ्या होतात. उत्तर आहे इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावर थेट गोल धरला जात नाही), कारण गुन्हा तोंडी आहे. त्याच ठिकाणी त्यानं रेफ्रीला ढकललं असतं तर मात्र पेनल्टी. दुसरा नमुना: बॉल रेफ्रीला लागून थेट गोलमध्ये गेला. गोल नाही, ड्रॉप्ड बॉल, म्हणजे रेफ्रीनं बॉल खाली सोडून खेळ सुरू करायचा. हा बदल २०१९ चा आहे आणि जुन्या खेळाडूंना अजून पचलेला नाही, मैदानावर वाद होणारच. प्रत्येक प्रसंग तीन खान्यांत लिहायची सवय लावा: निर्णय, कार्ड, पुन्हा सुरुवात.

साहित्याचं थोडक्यात. शिट्टी गोळी नसलेली, फॉक्स ४० सारखी. दोन घड्याळं. पिवळं आणि लाल कार्ड वेगवेगळ्या खिशांत, घाईत चुकीचं कार्ड निघणं हे हसण्यावारी जात नाही. मिळणारे कपडे बहुधा पुरुषांच्या मापाचे असतात. शॉर्ट्सचा खिसा उथळ असेल तर शिंप्याकडून खोल करून घ्या, सहा धावांत कार्ड बाहेर पडतं. रेफ्रीलाही दागिने घालायला नियमानं बंदी आहे: मंगळसूत्र, बांगड्या, चमकी, कानातलं, काहीही नाही. खेळाडूंना टेप लावून दागिना झाकणं चालत नाही, मग आपण मंगळसूत्र जर्सीत लपवून त्यांची चेन काढायला कसं सांगणार? घरी यावरून बोलणं होणार असेल तर ते पहिल्या सामन्याच्या सकाळी नको, आधीच उरकून घ्या.

आता मैदान. पुरुषांच्या सामन्यात खेळाडू तुम्हाला पहिली दहा मिनिटं तपासतात. पुरुष रेफ्रीलाही तपासतात, पण तुम्हाला जास्त. इथं दोन उलट चुका होतात. एक, नावडती होऊ नये म्हणून पहिला उशिराचा टॅकल सोडून देणं. दोन, आपण कडक आहोत हे दाखवायला पाचव्या मिनिटाला फालतू कारणावर पिवळं कार्ड काढणं. दुसरी चूक जास्त महाग पडते, कारण मग पुढचे पंच्याऐंशी मिनिटं त्याच मापानं कार्डं काढावी लागतात. पहिला मुद्दाम केलेला फाऊल आला की जोरात शिट्टी, त्या जागी धावत पोहोचणं, खेळाडूला बाजूला घेऊन सगळ्यांना दिसेल असं दोन वाक्यांत बोलणं. पुढच्या वेळी त्याच खेळाडूला कार्ड. आणि पहिलाच टॅकल बेदरकार असेल तर बोलण्यात वेळ घालवू नका, कार्ड तेव्हाच.

बारीक गोष्टी पहिल्यापासून नीट करा: थ्रो-इन बरोबर जागेवरून, समोरचा खेळाडू दोन मीटर लांब, फ्री किक बॉल स्थिर झाल्यावरच. यातून कुणाशी भांडण होत नाही आणि मैदान कुणाच्या ताब्यात आहे ते कळतं. भिंत उभी करताना ९.१५ मीटर मोजणं हा मात्र फजितीचा हमखास प्रसंग. तुमचं पाऊल पुरुष रेफ्रीपेक्षा आखूड असेल, त्यामुळे त्याच्यासारखी दहा पावलं टाकलीत तर अंतर कमी भरतं आणि किक मारणारा ओरडतो. मधल्या वर्तुळाची त्रिज्या नेमकी ९.१५ मीटर असते. सरावाच्या दिवशी मध्यबिंदूपासून वर्तुळापर्यंत चालून आपली किती पावलं होतात ते पक्कं करून ठेवा.

निर्णय पटतो की नाही हे बऱ्याच अंशी तुम्ही कुठं उभ्या होतात यावर ठरतं. बॉलपासून साधारण १५ ते २० मीटर, आणि दोन खेळाडूंच्या मधली फट दिसेल असा कोन. रेफ्री मैदानाच्या एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे तिरका पळतो. या ठरलेल्या रेषेत पळताना बॉल तुमच्या आणि लाइनमनच्या मध्ये राहतो, ही त्या पद्धतीची सगळी गंमत. पण रेषेला चिकटून राहून लांबून शिट्टी मारण्यापेक्षा रेषा मोडून जवळ गेलेलं बरं. 'मॅडम, तुम्ही लांब होतात' या तक्रारीला उत्तर नसतं. पुरुषांच्या खेळात लांब क्लिअरन्स जास्त उंच आणि जास्त दूर जातात, म्हणून बॉल हवेत असतानाच पळायला सुरुवात करायची, टप्पा पडायची वाट बघायची नाही. मुलींच्या सामन्यांतून थेट आलेल्या रेफ्रींना हा बदल सगळ्यात जड जातो.

शिट्टीचा आवाज हा तुमचा आवाज. हळू, अडखळती शिट्टी म्हणजे वाद घालायचं आमंत्रण. किरकोळ फाऊलला छोटी आणि खणखणीत, मोठ्या फाऊलला लांब, पेनल्टीला आणखी लांब. हात सरळ, कोपरात वाकलेला नाही. बोलताना 'तुम्ही' आणि जर्सीचा नंबर: 'सात नंबर, मागे व्हा. कॅप्टन, तुम्ही बोला.' कुणी 'ताई' म्हणालं, कुणी 'मॅडम', तर त्यावर अडून बसू नका. नात्याचा आधार घेऊन निर्णय बदलायला आलं की मात्र तेवढंच उत्तर, 'खेळ सुरू करा'. घोळका आला तर मागे मागे सरत जाऊ नका, चित्र वाईट दिसतं. कडेला तीन-चार पावलं जोरात चालून घोळका मोडा आणि फक्त कॅप्टनला बोलवा. निर्णयावर हातवारे करून आरडाओरडा म्हणजे डिसेंट, पिवळं कार्ड. बाई म्हणून केलेली शेरेबाजी मात्र डिसेंट नव्हे. अपमानकारक भाषेला थेट रेड कार्ड आहे. हे दोन एकाच तराजूत तोलून पिवळ्यावर भागवणं ही नवख्या मुलींची सर्वांत मोठी गफलत, कारण पुढच्या आठवड्यापर्यंत ते सगळ्या क्लबांना कळलेलं असतं.

कोल्हापूरसारख्या ठिकाणी, जिथं शाहू स्टेडियमवर पेठांची आणि तालमींची ईर्षा गॅलरीत उतरते, तिथं प्रेक्षकांचा आवाज हा वेगळा विषय. गॅलरीकडे बघायचं नाही, उत्तर द्यायचं नाही. प्रकार हाताबाहेर जात असेल तर बाहेरच्या अडथळ्यामुळे सामना थांबवण्याचा, तहकूब करण्याचा आणि रद्द करण्याचाही अधिकार पाचव्या नियमानं रेफ्रीला दिलाय. आधी थांबवा, मैदान व्यवस्थापकाला बोलावून आयोजकांमार्फत घोषणा करायला लावा, मगच पुढची पायरी.

वर चढण्याची पायरी अशी मागा: १४ वर्षांखालील मुलं, १७ वर्षांखालील मुलं, मग पुरुषांच्या खालच्या डिव्हिजनचे सामने. प्रत्येक सामन्याला निरीक्षक मिळेलच असं नाही, मिळाला तर त्याचा अहवाल लेखी मागा आणि जपून ठेवा. नेमणुकीच्या वेळी चाचणीच्या वेळा आणि तीन-चार चांगले अहवाल समोर ठेवले की चर्चा वेगळी होते. आणि 'असं कुठं घडलंय' म्हणणाऱ्यांसाठी उदाहरणं तयार ठेवा. गोव्याच्या मारिया रिबेलो आधी भारताकडून खेळल्या आणि मग रेफ्री म्हणून पुरुषांच्या आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेल्या. गोव्याच्याच उवेना फर्नांडिस २०१६ मध्ये जॉर्डनला १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात सहाय्यक रेफ्री होत्या. फ्रान्सच्या स्टेफनी फ्रापार्ट यांनी १ डिसेंबर २०२२ रोजी कतारमध्ये कोस्टारिका-जर्मनी हा पुरुषांच्या विश्वचषकाचा सामना केला, लाइनवरही दोघी बायकाच होत्या. आणि जानेवारी २०२४ मध्ये पुरुषांच्या एएफसी आशिया चषकात ज्या सामन्यात पहिल्यांदा बाईनं शिट्टी वाजवली, जपानच्या योशिमी यामाशिता यांनी, तो ऑस्ट्रेलिया विरुद्ध भारत होता. आपला पुरुष संघ बाई रेफ्रीच्या हाताखाली खेळून आलाय, जिल्ह्याच्या संघांना काय हरकत असावी!

व्यवस्थेचं बोलायला लाजू नका. नेमणूक आली की दोन दिवस आधी आयोजकाला फोन करून तीन गोष्टी विचारा: कपडे बदलायला आतून कडी लागणारी वेगळी खोली आहे का, स्वच्छतागृहात पाणी आहे का, सामना संपल्यावर परतीची सोय काय. उत्तर गुळमुळीत आलं तर समितीला मेसेज करून ठेवा, म्हणजे नोंद राहते. बाहेरगावी शक्यतो दोघीजणींची नेमणूक मागा. सुरुवातीच्या काळात मानधनावर पोट भरत नाही, त्यामुळे रविवार मोकळा ठेवणारी नोकरी असेल तर ती सोडू नका.

छळाचा प्रसंग आला तर तो 'खेळात चालतं' म्हणून गिळायचा नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा स्टेडियम, क्रीडा संकुल आणि स्पर्धेचं ठिकाण यांनाही 'कामाची जागा' मानतो. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी करायची असते. संघटनेत अंतर्गत समिती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. खेळाडूच्या शेरेबाजीवर रेड कार्ड दिलं असेल तर सामन्याच्या अहवालात त्याचे शब्द जसेच्या तसे, अवतरणात लिहा, मिनिट आणि जर्सी नंबरसह. 'असभ्य भाषा वापरली' एवढंच लिहिलं की शिस्त समितीपुढे त्याचा अर्थ ज्याला हवा तसा लावला जातो. शब्द लिहायला संकोच वाटतो, हे समजण्यासारखं आहे, तरी लिहा. अहवाल त्याच रात्री, लाइनमनची वाक्यं वेगळी, आणि एक प्रत स्वतःकडे.